जोतीरावांचे निवेदन आणि कॉलेजांचा खर्च

जुन्या दस्तऐवजांपैकी काहींच्या नशिबी असे येते की, त्यांतील एकच मागणी लोकांच्या तोंडी राहते आणि उरलेला मजकूर दप्तरात धूळ खात पडतो. जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनाची गत अशीच झाली आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी आज शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्याच निवेदनात उच्च शिक्षणाविषयी व त्यावर होणाऱ्या सरकारी खर्चाविषयी जे लिहिले आहे ते फार थोडे वाचतात. आणि जे वाचतात त्यांपैकी कित्येक ते अर्धेच वाचतात.

या उपेक्षेचे कारण उघड आहे. कॉलेजांचे अनुदान कमी व्हावे असे ज्यांस वाटते ते जोतीरावांचे नाव आनंदाने घेतात. कारण सरकारने वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे लक्ष पुरवून बहुजनांस वाऱ्यावर सोडले, असा ठपका त्यांनी स्पष्ट शब्दांत ठेवला आहे. कॉलेजांच्या बाजूचे लोक त्या ठपक्याने ओशाळून पान उलटतात. त्याच निवेदनातील पुढचा मजकूर मात्र दोन्ही पक्षांस सारखाच अडचणीचा आहे, आणि म्हणूनच तो दोघांनीही वाचला पाहिजे असे आम्हांस वाटते. उच्च शिक्षणावर केलेल्या सरकारी खर्चाने देशाची संपत्ती वाढते काय, आणि वाढत असल्यास कोणत्या वाटेने, या प्रश्नावर गेल्या साठपासष्ट वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी ग्रंथांचे ढीग रचले आहेत. त्या ढिगाऱ्यातून वाट काढण्यास लागणारी कसोटी या जुन्या निवेदनात सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लेखकाचा या प्रश्नात स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. त्याचे स्वतःचे शिक्षण नाममात्र फीवर झाले, आणि पंचवीसांहून अधिक वर्षे त्याचा पगार सरकारी अनुदानातून येत आला आहे. तेव्हा अनुदानाचे समर्थन त्याच्या तोंडी शोभत असले तरी ते पुराव्यादाखल पुरेसे धरता येणार नाही. जोतीरावांसारख्या कठोर फिर्यादीची साक्ष काढण्याचे तेही एक कारण आहे.

निवेदनाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणापासून आपल्या राज्यकर्त्यांनी असा सिद्धान्त धरला होता की, वरच्या थरास इंग्रजी विद्या दिली म्हणजे ती आपोआप खाली झिरपत जाईल. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सामान्य जनांच्या शिक्षणाची जबाबदारी तोंडाने मान्य केली, आणि त्याच खलित्याच्या आधारे १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. विद्यापीठे उभी राहिली. झिरपण्याचे मात्र कोठे चिन्ह दिसेना. अशा वेळी डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी सुरू झाली, आणि पुण्याचा एक व्यापारी व शेतकरी, मुलींची व अस्पृश्यांची शाळा घालण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला, तिच्यापुढे आपले म्हणणे घेऊन आला.

निवेदन इंग्रजीत आहे, आणि त्याची भाषा जोतीरावांच्या मराठीहून अगदी निराळी आहे. पुढल्याच वर्षी, १८८३ मध्ये, लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ते संतापाने, उपहासाने, प्रसंगी कडवट अतिशयोक्तीने लिहितात. येथे त्यांचा स्वर हिशेब तपासणाऱ्या माणसाचा आहे. सक्तीचे शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत असावे. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल यांबरोबर शेतकीची मूलतत्त्वे, नीती व आरोग्य हे विषय असावेत. शिक्षक असे असावेत की नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्यास त्यांस लाज वाटू नये, असा एकेक तपशील ते मांडत जातात. अलंकार कोठेही नाही. ज्याने शाळेच्या भिंतीचा व मास्तराच्या पगाराचा खर्च स्वतः केला आहे, त्याचे हे लिहिणे आहे, हे पदोपदी जाणवते.

त्यांच्या युक्तिवादाची अंगे तीन आहेत. पहिले अंग जमाखर्चाचे. सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या पैशाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो. वरच्या व सधन वर्गांकडून तीत जवळजवळ काहीच पडत नाही. असे असता शिक्षणाचा लाभ मात्र त्याच वर्गांस होतो. दुसरे अंग परिणामाचे. ज्यांस सरकारी पैशाने शिकविले त्यांनी आपल्या अडाणी देशबांधवांसाठी काय केले, स्वतःच्या घरी का होईना एखादा वर्ग चालविला काय, की विद्या ही आपली खासगी मिळकत समजून तिला सामान्यांचा स्पर्श होऊ दिला नाही, असा त्यांचा सरळ सवाल आहे. तिसरे अंग शिक्षणाच्या जातीचे. वरच्या शाळांतून मिळणारे शिक्षण व्यवहारास निरुपयोगी असून त्यातून कारकून व शाळामास्तर यांखेरीज काही निपजत नाही, असे ते म्हणतात.

येथवर वाचून पुस्तक मिटणाऱ्यास वाटेल की, निष्कर्ष ठरलेलाच आहे: कॉलेजांचा पैसा काढावा व शाळांस द्यावा. जोतीराव नेमका हा निष्कर्ष काढीत नाहीत. उच्च शिक्षणाची सरकारी मदत या घडीस काढून घ्यावी, असे देशाचे हित पाहणारा कोणीही म्हणणार नाही, असे ते बजावतात. कारणही देतात, आणि ते फार मार्मिक आहे. लेखणीवर जगणाऱ्या ज्या वर्गांस विद्येची चटक लागून गेली आहे, ते मदतीवाचून आपली सोय पाहू शकतील; परंतु ज्या मध्यम व कनिष्ठ वर्गांत उच्च शिक्षण अद्याप पोचलेच नाही, त्यांची मुले नाइलाजाने निकृष्ट व पंथाभिमानी शाळांच्या दारी जातील. म्हणजे मदत काढण्याची शिक्षा, ज्यांनी मदत उपभोगली त्यांस न होता, जे अजून रांगेत उभे आहेत त्यांस होईल. याच्याच जोडीस त्यांनी अशी आशा व्यक्त केली आहे की, सुशिक्षितांची संख्या शतपट व्हावी आणि त्यांनी नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त व किफायतशीर उद्योग धरावेत. कॉलेजांचा द्वेष्टा असे लिहीत नाही. ज्याच्या पैशाने कॉलेज चालते त्याच्या वतीने हिशेब मागणारा असे लिहितो.

कमिशनने या सल्ल्यातील एक भाग उचलला आणि दुसरा टाकला. प्राथमिक शिक्षणास अग्रक्रम द्यावा असे त्याने म्हटले खरे. परंतु उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे व ते क्षेत्र खासगी प्रयत्नांस मोकळे करावे, अशीही शिफारस केली. प्राथमिक शाळांचा भार लोकल बोर्डे व म्युनिसिपालिट्या यांच्या अंगावर आला. या धोरणातून खासगी कॉलेजे निघाली, त्यांतील काहींनी नावलौकिकही मिळविला. पण वरून काटलेला पैसा खाली पोचला काय? १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात साक्षर माणसे शेकडा ६ च्या आसपास भरली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले, आणि १९१२ साली ते फेटाळले गेले. कॉलेजास दिले नाही म्हणून ते शाळेस मिळते, हा समज त्या तीस वर्षांनीच खोटा पाडला आहे.

जपानचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. मुंबईचे विद्यापीठ निघाल्यानंतर पंधरा वर्षांनी, १८७२ साली, जपानने सर्व मुलांसाठी शिक्षणाचा हुकूम काढला, आणि पाचच वर्षांनी टोकियोचे विद्यापीठ स्थापिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील शेकडा नव्वदांहून अधिक मुले प्राथमिक शाळेच्या पटावर होती. जपान स्वतंत्र होता व आपण परतंत्र होतो, हा भेद लहान नाही; कारखान्यांस व व्यापारास तेथील सरकारने दिलेला आश्रय आपणांस लाभला नाही. तथापि एवढे खरे की, विद्यापीठ आधी स्थापन झाल्याचा आपणांस काही फायदा झाला नाही. त्यांनी पाया व कळस एकाच वेळी बांधावयास घेतले. आपल्याकडे कळस तेवढा चढला.

आता अर्थशास्त्रज्ञांकडे वळू. १९५७ साली रॉबर्ट सोलो यांनी दाखविले की, १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेत दर श्रमतासामागे उत्पादन दुप्पट झाले, त्यातील आठांपैकी सुमारे सात भाग भांडवलाच्या वाढीने समजावून देता येत नाहीत. त्यांचे श्रेय व्यापक अर्थाने तांत्रिक प्रगतीस द्यावे लागते. या शोधानंतर थिओडोर शुल्ट्झ यांनी माणसाच्या शिक्षणास भांडवल मानण्याचा विचार पुढे मांडला, आणि शिक्षणावरील खर्च हा उपभोगाच्या सदरातून गुंतवणुकीच्या सदरात गेला. आपल्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा ६ हिस्सा शिक्षणावर खर्चावा असे म्हटले, ते याच वातावरणात. ते प्रमाण आजवर गाठले गेलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला आहे.

पुढे उलटा वारा वाहू लागला. प्राथमिक शिक्षणाचा सामाजिक मोबदला उच्च शिक्षणाहून अधिक असतो, असे जॉर्ज साकारोपुलोस यांच्या गणितांतून निघाले, आणि १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेने त्या आधारावर गरीब देशांस कॉलेजांवरील सरकारी खर्चाचा हात आखडण्याचा उपदेश केला. २००० साली बँक व युनेस्को यांनीच बसविलेल्या एका मंडळाने, या गणितांत उच्च शिक्षणाचे मोल फार कमी धरले गेले, असे सांगितले. तर लगेच २००१ मध्ये लँट प्रिचेट यांनी अनेक देशांचे आकडे तपासून असा प्रश्न टाकला की, एवढे शिक्षण वाढले ते गेले कोठे? शिकलेल्यांची संख्या भराभर वाढूनही कित्येक देशांत दर कामगारामागील उत्पादन त्या मानाने वाढले नव्हते. त्यांनी सुचविलेली कारणे तीन: शिकलेला माणूस स्वतःच्या लाभाच्या पण समाजाच्या तोट्याच्या जागी जाऊन बसतो, शिक्षितांस काम देणारे उद्योग वाढत नाहीत, किंवा शिक्षणातच राम नसतो. कारकुनांविषयीचा जोतीरावांचा परिच्छेद ज्याने वाचला आहे त्यास या तिन्ही कारणांत नवे असे थोडेच आढळेल.

असे असले तरी निवेदनात एक मोठी उणीव आहे, आणि ती न दाखविणे हे टीकाकाराचे कर्तव्य टाळणे होईल. कॉलेज म्हणजे असलेल्या विद्येचे वाटप करण्याची जागा, एवढीच कल्पना जोतीरावांपुढे आहे. नवी विद्या निर्माण करण्याची जागा ही कल्पना नाही. त्यामुळे त्यांच्या वहीत लाभार्थी म्हणून फक्त विद्यार्थ्याचे नाव लागते. १८८२ च्या मुंबई इलाख्यापुरते हे बरोबरच होते, कारण येथल्या कॉलेजांत संशोधन असे फारसे नव्हतेच. परंतु हाच ताळेबंद पुढच्या काळास लावला तर चूक होते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या सरकारी संशोधन केंद्रात, १९३० नंतरच्या दशकात, स्थानिक मालदांडी ज्वारीतून एम ३५-१ हे वाण निवडण्यात आले. रब्बीच्या कोरडवाहू रानांत ते आजही पेरले जाते. ज्या कुणब्याने कॉलेजचे दार कधी पाहिले नाही त्याच्या कोठारात त्या खर्चाचे फळ पडले, आणि त्यासाठी कोणी त्याच्याकडे पैसा मागितला नाही. अमेरिकेत संकरित मक्याच्या संशोधनाचा हिशेब झ्वी ग्रिलिकिस यांनी १९५८ साली मांडला, तेव्हा त्या खर्चावर समाजास मिळणारा मोबदला दरसाल शेकडा ७०० च्या घरात निघाला. अशा खर्चाचा खरा लाभार्थी विद्यार्थ्यांच्या पटावर शोधून सापडत नाही.

दुसरे उदाहरण औषधांचे. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्याकडे औषधाच्या पदार्थावरचा मक्ता काढून, तो तयार करण्याच्या रीतीपुरताच ठेवला. कायद्याने दार उघडले. परंतु आत शिरण्यास, तोच पदार्थ निराळ्या रीतीने बनविणारे रसायनज्ञ हवे होते. ते अकस्मात आकाशातून पडले नाहीत. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्येचा विभाग १९३३ पासून आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून ते घडवीत होती. आंध्रातील हळद पिकविणाऱ्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव अंजी रेड्डी या दोन्ही ठिकाणी शिकले, सरकारी औषध कारखान्यात उमेदवारी केली, आणि १९८४ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधे मिळून वर्षास सुमारे ३५० डॉलरांत देऊ केली. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तोवर दहा हजार डॉलरांच्या पुढे होता. येथे प्रिचेट यांची तिन्ही कारणे उलटी फिरलेली दिसतात: विद्या कसाची होती, तिला काम देणारा उद्योग होता, आणि कायद्याने शहाणपण योग्य दिशेस वळविले होते. अशा ठिकाणीच कॉलेजावरचा रुपया संपत्ती निर्माण करतो.

परंतु विद्या कसाची असून आणि राज्यकर्ता उदार असूनही खर्च वाया कसा जातो, याचेही उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर यांस शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले. पाया व कळस दोन्ही बांधू पाहणारा हा राजा होता. आंबेडकर अर्थशास्त्राचे अध्ययन करून आले, करारानुसार १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि त्या शहरात त्यांस राहावयास घर मिळेना. पारशी विश्रामगृहातून बाहेर काढलेला तो पदवीधर मुंबईस परतला, आणि संस्थानाने ज्या बुद्धीवर पैसा लावला होता ती बुद्धी संस्थानास अंतरली. सोलो यांच्या कोष्टकात हे नुकसान कोठे मांडावयाचे? रुपया या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली निघाला आणि पुढे चलनविषयक राजकीय कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली, हा लाभ सर्व देशास झाला. परंतु ज्या खजिन्याने खर्च केला त्यास, आणि ज्या शहराने दार लावले त्यास, त्याचा वाटा मागण्याचा अधिकार राहिला नाही. जोतीरावांचे दुसरे अंग, शिकलेल्याने समाजास काय दिले हे, येथे उलटे होऊन समाजावरच येते: शिकलेल्यास समाजाने देऊ दिले काय? याच आंबेडकरांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात, शिक्षणाचा खर्च फीमधून उकळण्याच्या वृत्तीवर शिक्षणाचा बाजार मांडल्याचा आरोप केला, हे सहज आठवते.

आपल्या राज्याने १९८३ साली विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनियरिंग कॉलेजांस परवानगी दिली. सरकारच्या तिजोरीवर बोजा न पडता तंत्रज्ञ निपजतील, हा हेतू होता. आणि त्यांतून पुष्कळ मुले शिकून उद्योगधंद्यांस लागली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण देणग्यांचा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि पुढे कित्येक ठिकाणी जागा रिकाम्या पडू लागल्या, हेही सर्वांस ठाऊक आहे. निकृष्ट शाळांच्या दारी जावे लागेल, हे १८८२ चे भाकीत ज्यांच्या बाबतीत खरे ठरले ती मुले बहुतेक शेतकऱ्यांची होती. बापाने जमिनीवर कर्ज काढले आणि हाती आलेल्या पदवीस बाजारात किंमत मिळाली नाही. अनुदानित कॉलेजांतही माघार चालूच आहे, फक्त ती आवाज करीत नाही. कायम जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, आणि तासिका तत्त्वावर शिकविणारा तरुण दर उन्हाळ्यात बेकार होतो. आमच्या शेजारच्या खोलीत असे तरुण बसतात. आमच्याहून त्यांचे वाचन कमी नाही. पुढल्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसल्यामुळे पाच वर्षांचा एखादा प्रयोग हाती घेण्याची मात्र त्यांची छाती होत नाही. नव्या विद्येची निर्मिती अशा रीतीने बंद पडते, आणि अंदाजपत्रकात ती बचत म्हणून दाखविली जाते.

उलटपक्षी आम्ही पगारदारांनी जोतीरावांचे पहिले अंग विसरू नये. शेतसाऱ्याचे महत्त्व आता उरले नाही, म्हणून तो हिशेब जुना झाला असे कोणी समजेल, तर ते खरे नाही. आजही साबणाच्या वडीवर आणि काड्यापेटीवर जो कर बसतो तो मजूर देतो, आणि त्याचा मुलगा बारावीच्या आतच शाळेतून गळाला तरी देतो. आमच्या कॉलेजाच्या भिंतीत त्याची वीट आहे. वर्गात टिपणे सांगून, त्याच टिपणांवर परीक्षा घेऊन, नोकरीच्या अर्जापलीकडे ज्यांचा उपयोग नाही असे पदवीधर आम्ही बाहेर पाठवीत असलो, तर त्या मजुरास कोणता जबाब देणार? अनुदान मागण्याचा आमचा हक्क या जबाबावर अवलंबून आहे.

एकंदरीत पाहता, या निवेदनास केवळ प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा म्हणणे हे त्याचे मोल कमी करणे आहे. त्यात संशोधनाची दृष्टी नाही. तरीही सरकारी पैशाने चालणाऱ्या विद्येस कोणते प्रश्न विचारावेत, हे त्याने अचूक ओळखले आहे: पैसा कोणाचा, दार कोणास उघडे, आणि शिकलेला माणूस कोणत्या कामास लागला. १९६८ साली राहुरी येथे कृषी विद्यापीठ निघाले, आणि पुढे त्यास जोतीरावांचेच नाव देण्यात आले. नांगराची मूठ धरण्यास न लाजणारा शिक्षक मागणाऱ्या माणसाचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर लागले, हे योग्यच झाले. त्या कमानीखालून, आणि आमच्या कॉलेजाच्या फाटकातूनही, आत जाणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने हे निवेदन एकदा पुरते वाचावे. ते फार मोठे नाही. एका बैठकीत वाचून होते.